लोणारचा काठ आणि देवयानीचा ठिपका
अकोल्याहून निघून लोणारच्या काठावर उभे राहिले म्हणजे, कपाशी-तुरीच्या हिशेबात आयुष्य वेचणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांची काळी माती ज्या खडकाच्या झिजेतून निपजली तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्यावर अंतराळातून आदळलेल्या पाषाणाने कोरलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, यांचे एकत्र दर्शन घडते. आघाताचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघते. मानवाच्या लिखित इतिहासाला, खरे सांगायचे तर, दोन्ही आकडे सारखेच न पेलणारे!

पुराणकथेने येथे लवणासुराचा वध पाहिला, 'ऐन-ए-अकबरी'ने वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात येथील क्षारांचा महसूल नोंदवला, आणि आघाताच्या दाबानेच घडू शकणारी काच खडकांत सापडून उल्केवर शिक्कामोर्तब व्हायला १९७३ साल उजाडावे लागले. ज्याने त्याने आपापल्या दफ्तरातून पाहिले.

अमरावतीकडील मंडळींनी मात्र हिवाळ्याच्या आरंभी, चंद्र नसताना, चिखलदऱ्याला जाऊन देवयानी दीर्घिकेचा अंधूक ठिपका नुसत्या डोळ्यांनी शोधावा. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा लोणारचे विवर अस्तित्वातच नव्हते.