पेशीच्या आवरणातला निरोप

केडगावात माझ्याकडे बारावीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, पेशी मरायला टेकलीय हे शरीराला कळतं कसं?" काय सुंदर प्रश्न!

पेशीचं आवरण म्हणजे लिपिडांचे दोन थर. त्यातलं फॉस्फॅटिडिलसेरीन जिवंत पेशी ऊर्जा खर्चून आतल्या थरात राखते. पेशी मरणपंथाला लागली की ते बाहेरच्या थरावर येतं. भक्षकपेशी ते ओळखून तिला गिळतात. जखम झाल्यावर प्लेटलेटही हेच लिपिड बाहेर काढतात. त्यावर रक्त गोठवणारे घटक जमतात.

या लिपिडावरचं मला सर्वांत थक्क करणारं काम आयआयटी मुंबईत शिकलेल्या सत्यजित मेयर यांच्या बंगळुरूतल्या गटाचं. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं, की लांब शेपटीचं हे लिपिड आतल्या थरात राहूनच बाहेरच्या थरातल्या काही प्रथिनांना एकत्र आणतं.