रोड सायकलचे पार्ट ट्रॅक सायकलला चालतात का?

परवा बालेवाडीच्या वेलोड्रोमवर एक मुलगा जुन्या रोड सायकलचे पार्ट घेऊन आला. "दादा, यातून ट्रॅक सायकल उभी राहील?"

हँडलबार, स्टेम, सीटपोस्ट मापात बसले तर खुशाल वापरा.

क्रँकचंही जमतं. जुन्या डबल क्रँकवर चेनरिंग आतल्या जागी लावली की चेनलाइन साधारण 42 मिमीच्या आसपास येते, ट्रॅकला तीच हवी. लांबी मात्र 165 मिमी बघा. बँकिंगवर वेग कमी असला की उजवं पेडल ट्रॅकला घासू शकतं, आणि फिक्स्डमध्ये पाय थांबवता येत नाहीत.

मागच्या हबला मी ठाम नाही म्हणतो. ट्रॅक हबवर कॉगचे आटे उजवे, लॉकरिंगचे डावे. पाय मागे रेटून वेग कमी करताना कॉग सुटू पाहतो, तेव्हा उलट आट्यांमुळे लॉकरिंग त्याला अडवते. जुन्या फ्रीव्हील हबवर कॉग चढतो, पण लॉकरिंगला आटेच नसतात. कॉग सुटला तर ब्रेक नसलेली सायकल रोखणार कशी? थ्रेडलॉकवर भिस्त ठेवू नका. शिवाय रोडचा हब बहुधा 130 मिमी, ट्रॅक फ्रेम 120.

खर्च करायचाच तर आधी मागच्या चाकावर करा.

काही अडलं तर विचारा, हबचा जवळून काढलेला फोटो नक्की जोडा.