वेग शिकलो, थांबणं राहिलं

सांगलीत एका छापखान्यात मी डीटीपीचं काम करते. ऑगस्ट उजाडला की पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, त्यापाठोपाठ दिवाळी अंक आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका. असाच एक हंगाम संपता संपता उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला ठणका लागला. आधी दुर्लक्ष केलं. पण ओला टॉवेल पिळता येईना, चहाचं पातेलं एका हातानं उचलवेना. सासूबाईंचं सगळं आयुष्य रानात गेलेलं. त्या म्हणाल्या, “खुरपं धरलं नाहीस, मोळी उचलली नाहीस, हात कसला दुखतोय गं?”

प्रश्न रास्त होता. उत्तर मिरजेच्या फिजिओथेरपिस्टकडे मिळालं. त्यांनी हात टेबलावर ठेवायला सांगितला. “ताई, मूठ वळा. मनगट वर उचला आणि मी दाबलं तरी खाली येऊ देऊ नका.” त्यांनी जेमतेम दाब दिला आणि कोपरात कळ उठली. दुखणं ‘टेनिस एल्बो’ निघालं. माझ्या सात पिढ्यांत कुणी टेनिस खेळलेलं नाही, पण मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू कोपराच्या त्याच बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. टाइप करताना मनगट उचललेलं आणि बोटं कळांवर तरंगती ठेवली की हे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात.

काम हलकं आहे, यातच खरी मेख आहे. शास्त्रज्ञांची एक मांडणी अशी आहे की हलक्या कामाला स्नायूतले तेच ते बारीक तंतू आधी जुंपले जातात आणि अगदी शेवटी सुटतात. जोर थोडा लागतो, म्हणून मोठ्या तंतूंची पाळी येत नाही आणि बारक्यांना सुट्टी मिळत नाही. खुरपणीनंही अंग मोडतं, पण बाई सरीच्या टोकाला उठते, पाणी पिते, हात बदलते. माझा हात जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागचा हलत नसे.

टाइपिंग मी साताऱ्यात शिकले, जुन्या खटखट मशीनवर. ओळ संपत आली की घंटी वाजायची. डाव्या हातानं दांडी ढकलून रूळ परत आणायचा. पान संपलं की कागद काढायचा, मध्ये कार्बन घालायचा, नवा कागद सरळ बसवायचा. तेव्हा तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे, पण हात मोकळा व्हायचा तो तेवढ्यातच. कॉम्प्युटरनं घंटी काढली, दांडी काढली, कागदही काढला. ओळ आपोआप खाली सरकते आणि बोटं चालूच राहतात.

बरं, सगळी बोटं सारखी राबतात असंही नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर काना ‘ई’च्या कळीवर आहे आणि अक्षर मोडणारा हलन्त ‘डी’वर. दोन्ही कळा डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या वाट्याला येतात. ‘सातारा’ एवढं एक नाव टाइप केलं की ते बोट तीनदा खाली येतं. ‘अर्जदार’ लिहा, पुन्हा तीनदा. त्यातला ‘अ’ तर शिफ्ट दाबून. मराठीत काना आणि जोडाक्षरं किती, याचा हिशेब त्या बोटाला विचारावा.

लिहिणाऱ्यांचं हे दुखणं कॉम्प्युटरच्या किती तरी आधीचं आहे. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानं १७१३ साली लेखनिकांच्या आजाराची तीन कारणं नोंदवली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. गड्यानं डाव्या हातानं लिहायचा सराव केला, तर काही काळानं त्या हाताचीही तीच गत झाली. माउस नुसता डावीकडे नेऊन भागत नाही, ते एवढ्यासाठीच.

मग काय केलं? कीबोर्डचे मागचे पाय मिटवले. ते उघडे असले की मनगट आणखी वर वळतं. माउस लांब होता, तो कीबोर्डला खेटून घेतला. खुर्ची उंच केली आणि पायाखाली फळी घेतली, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला आलं. व्यायाम एकच, पण नेमानं: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. डाव्या हाताच्या मदतीनं ती वर न्यायची आणि सावकाश खाली सोडायची. स्नायूबंध सावकाश सुधारतात. आराम पडायला महिने लागले. बामानं बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच.

सगळ्यात अवघड होतं थांबणं, कारण आमच्याकडे पैसे पानावर मिळतात. अमेरिकेच्या कर खात्यातल्या डेटा एन्ट्री करणाऱ्यांवर २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं उपयोगी पडतो. त्यांना नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज, ज्या तासात सुट्टी नसे त्या प्रत्येक तासाला पाच मिनिटांची जादा सुट्टी दिली, तेव्हा त्रास कमी झाला आणि काम घटलं नाही. हे मालकांना सांगितल्यावर आम्ही टाइपिंग आणि प्रूफ वाचन आलटून पालटून लावलं. प्रूफ उभ्यानं वाचायचं.

हाताचं प्रत्येक दुखणं मात्र एकच नसतं. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन झोप मोडत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. मधुमेह किंवा थायरॉईडमुळेही हे होतं, तेव्हा रक्त तपासून घ्यावं. करंगळी बधिर होत असेल तर कोपर टेबलावर टेकवायची सवय तपासावी. मानेतून कळ हातात उतरत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर घरगुती उपाय बंद करून सरळ डॉक्टर गाठावा.

सरकारी लिपिकाच्या जागेसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. सातारा-सांगलीतली किती तरी पोरं-पोरी त्यासाठी क्लास लावतात. क्लासवाल्यांनी पहिल्याच दिवशी खुर्ची-टेबलाची उंची शिकवावी आणि प्रत्येक उताऱ्यानंतर पोरांना उभं करावं. त्यात फीही वाढत नाही आणि परीक्षेचे गुणही कमी होत नाहीत.