तरुण वकील आणि समितीची खुर्ची

अमेरिकन बार असोसिएशन ही तेथील वकिलांची संघटना १८७८ सालची. अनेक अमेरिकन राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेला कंपनी कायद्याचा नमुना १९५० साली हिच्याच व्यापारी कायदा विभागाच्या समितीने प्रसिद्ध केला. तेव्हा समितीत कोण बसतो याला महत्त्व आलेच! पण बैठका दूरदूरच्या शहरांत. विमानभाडे, हॉटेलखर्च नवख्या वकिलाला कसा परवडणार? म्हणून हा विभाग निवडक तरुण वकिलांना दोन वर्षांची फेलोशिप देतो. प्रवासखर्चाला हातभार लागतो, अनुभवी वकिलाचे मार्गदर्शन मिळते आणि समितीचे प्रत्यक्ष काम अंगावर पडते. पुढचे पदाधिकारी यातूनच तयार होतात. आमच्या वाणिज्य मंडळाचा चिटणीस मात्र दरवर्षी शहरात राहणाराच होतो. सभा साडेपाचला, आणि आम्हा खेड्यातल्यांची शेवटची बस सहाला!