चार रंगांतला चेहरा
तैलरंगातील व्यक्तिचित्राला पॅलेटवर चार रंग पुरतात: पांढरा, पिवळी माती, शेंदरी लाल आणि काळा. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते.

निळा नसूनही तो दिसतो, हे यातले खरे नवल. काळ्या-पांढऱ्याची राखाडी छटा तांबूस गालाशेजारी लावली की डोळ्यांना निळसर भासते. दाढीच्या खुंटांची झाक अशीच उतरते. काळ्यात पिवळी माती घातली की हिरवट छटा मिळते. सावळ्या वर्णाला ही जोडणी फार छान मानवते: माती आणि लाल यांचा तपकिरी पाया, सावलीत थोडा काळा. कपाळावरच्या उजेडात मात्र निव्वळ पांढरा नको. कातडी खडूसारखी दिसते. मोरपिशी शालू या चौघांतून निघत नाही, तिथे पाचवा रंग घ्यावाच लागतो.

रंग बांधणारे तेल जवसाचे, मराठवाड्यात ज्याची चटणी होते त्याच जवसाचे. ते पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे ठेवतात. उलट केल्यास वरचा थर आधी वाळतो आणि चेहऱ्याला भेगा पडतात.