प्रश्न सभागृहात, पाठपुरावा वस्तीत : माध्यमे, संस्कृती आणि क्रीडा धोरणावर सरकारला जाब कसा विचारायचा?

बाबासाहेबांचे ग्रंथ मिळत नाहीत, लेण्यांची हेळसांड होते, आपल्या महापुरुषांवरचा चित्रपट अडवला जातो, मुलांना खेळायला मैदान उरलेले नाही. आपल्या बैठकांत हे विषय नेहमी निघतात. शेवटी ठरते, "आमदारसाहेबांना निवेदन देऊ." निवेदन दिले जाते, फोटो निघतो, ग्रुपवर फिरतो आणि विषय तिथेच थांबतो.

निवेदन फायलीत पडून राहू शकते. तोच विषय तारांकित प्रश्न म्हणून सभागृहात आला, तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदीत राहते. म्हणून बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी ही पद्धत नीट समजून घ्यायला हवी, असे आम्हाला वाटते.

कोणता विषय कुणाच्या हातात?

पहिली चूक इथेच होते. महापालिकेचा प्रश्न आमदाराला आणि केंद्राचा प्रश्न महापालिकेला विचारला जातो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी दिलेली आहे. आकाशवाणी-दूरदर्शनसारखे प्रसारण आणि चित्रपटांना प्रमाणपत्र देणे हे विषय केंद्राकडे आहेत. क्रीडा, नाट्यगृहे, ग्रंथालये आणि राज्याच्या ताब्यातील वस्तुसंग्रहालये राज्याकडे आहेत. वृत्तपत्रे, पुस्तके आणि छापखाने समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची प्राचीन स्मारके केंद्राची, बाकीची राज्याची.

वरसाव्याचे उदाहरण घेऊ. वरसावे नाक्याच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. उत्तरेला खाडीवरचा पूल ओलांडून पुढे गेले की नालासोपारा. तिथल्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. सोपाऱ्यात सापडलेला सम्राट अशोकाचा शिलालेख आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. कान्हेरी आणि सोपारा ही दोन्ही स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे आहेत. तिथल्या दुरवस्थेबद्दल विचारायचे असेल तर खासदारामार्फत केंद्रीय संस्कृती मंत्रालयाला विचारावे लागेल. तिथे जाणाऱ्या राज्याच्या रस्त्याचा किंवा राज्याच्या पर्यटन विभागाच्या सोयींचा प्रश्न मात्र आमदाराने विधानसभेत मांडायचा.

मैदानाचेही तसेच. राज्याचे क्रीडा धोरण, जिल्हा क्रीडा संकुलाचा निधी, खेळाडूंसाठीचे सरकारी नोकरीतील ५ टक्के आरक्षण हे राज्याचे विषय. पण वस्तीजवळचे मैदान, उद्यान ही घटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिका-महापालिकांकडे येणारी कामे. त्याचा जाब आधी मीरा-भाईंदर महापालिकेत, नगरसेवकामार्फत विचारावा लागतो. महापालिका ऐकत नसेल तर आमदार नगरविकास खात्याला प्रश्न विचारू शकतात.

आणखी एक गोष्ट. मीरा-भाईंदर शहर एकाच विधानसभा मतदारसंघात नाही. ते मीरा-भाईंदर आणि ओवळा-माजिवडा अशा दोन मतदारसंघांत विभागले आहे. दोन्ही मतदारसंघ ठाणे लोकसभेत येतात. नालासोपारा मात्र पालघर लोकसभेत आहे. आपले नाव कोणत्या यादीत आहे हे पाहूनच आमदार-खासदाराकडे जावे.

प्रश्नाचे प्रकार

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कोंडी उपप्रश्नात होते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आकडेवारी हवी असेल तर हाच प्रकार चांगला. तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना देतात. मिळालेल्या उत्तरातून आणखी मुद्दे निघाले तर अर्धा तास चर्चा मागता येते.

लोकसभेत प्रश्नासाठी किमान पूर्ण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि एका दिवसाला फक्त २० तारांकित प्रश्न यादीत येतात. विधिमंडळातही आधी सूचना द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. प्रश्न महिना-दोन महिने आधी लिहून तयार असला पाहिजे.

उत्तर कसे वाचायचे?

आपल्या विधिमंडळातील प्रश्नांची एक ठरलेली भाषा आहे. "हे खरे आहे काय", "असल्यास, चौकशी केली आहे काय", "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". उत्तरेही ठरलेली असतात. "हे अंशतः खरे आहे" असे आले तर कोणता अंश खरा, हे उपप्रश्नात विचारायला हवे. "प्रश्न उद्भवत नाही" असे आले तर बहुधा आपला पहिला मुद्दाच कच्चा होता. त्यात तारीख, आकडा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक नव्हता, म्हणून "हे खरे नाही" म्हणून सुटता आले. "बाब विचाराधीन आहे" असे आले तर ते लिहून ठेवा. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनांवर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते. लोकसभेत आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते.

नऊ लाख प्रतींचा धडा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे लेखन आणि भाषणे हे खंड महाराष्ट्र शासन प्रकाशित करते. वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी आला. मागणी प्रचंड, पण पुस्तके मिळत नाहीत, हा आपला जुना अनुभव. २०२१ मध्ये 'लोकसत्ता'ने बातमी दिली की ९ लाख प्रती छापण्याचे ठरले, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला, पण चार वर्षांत ३३ हजार प्रतीच छापल्या. उरलेला कागद गोदामात पडून होता. मुंबई उच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे उत्तर मागितले.

यात आपल्यासाठी बोचरा प्रश्न आहे. निर्णय झाला होता, पैसे खर्च झाले होते, कागद आला होता. मग चार वर्षे दर अधिवेशनात "किती प्रती छापल्या, किती वितरित केल्या?" एवढा साधा प्रश्न आपण आपापल्या आमदाराकडून का लावून धरला नाही? ग्रंथ मिळत नाहीत अशी हळहळ आपण सगळ्यांनी केली, पण आकडा मागण्याचे काम एका वृत्तपत्राला आणि शेवटी न्यायालयाला करावे लागले.

माध्यमांच्या बाबतीतही तेच. एप्रिल २०२५ मध्ये 'फुले' चित्रपटाचे प्रदर्शन ११ तारखेवरून २५ वर गेले. सेन्सॉर बोर्डाने काही शब्द बदलायला लावले. समाजमाध्यमांवर संताप उसळला, तो रास्त होता. पण बोर्ड केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली येते. कोणत्या नियमाने कोणते शब्द बदलायला लावले, हे लेखी मिळवण्याचा मार्ग खासदाराच्या प्रश्नातून जातो.

ठराव ते चवदार तळे

सभागृहात नुसता शब्द उच्चारल्याने हक्क मिळत नाही, हे आपल्या चळवळीइतके कुणाला ठाऊक? सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठरावही केला. तरीही पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर दहा वर्षे कोर्टात लढावे लागले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. बाबासाहेब १९२७ पासून स्वतः त्या विधिमंडळाचे सदस्य होते. सभागृह आणि रस्ता, दोन्ही त्यांनी सोडले नाहीत.

आपण काय करावे?

आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत दोन-तीन तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. एकच विषय निवडावा. माहितीच्या अधिकारात अर्ज करून आकडे मिळवावेत. त्याला साधारण ३० दिवस लागतात, हे धरूनच वेळापत्रक आखावे. मग पाच ओळींचा प्रश्न लिहावा आणि कागदपत्रांसह आमदाराला द्यावा. आमदार सत्तेतला आहे की विरोधातला, आपल्या समाजाचा आहे की नाही, हे बघत बसू नये. आपल्या आमदाराने नकार दिला तर दुसऱ्या आमदाराकडे किंवा विधान परिषद सदस्याकडे जावे. उत्तर आले की ते विहाराच्या फलकावर लावावे आणि पुढच्या अधिवेशनाआधी पुन्हा काढून वाचावे.

फोटो काढायला हरकत नाही. पण त्या फोटोसोबत प्रश्नाचा क्रमांकही असला पाहिजे.

जय भीम!