कामगंध सापळा : कापसाच्या चोराची आगाऊ खबर

कापडाच्या धंद्यात किड्यांची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण आम्ही जो तागा विकतो, त्याची सुरुवात शेतातल्या बोंडापासून होते. बोंडात खराबी आली की जिनिंगवाला, सूतवाला, मागवाला आणि शेवटी आमच्यासारखा दुकानदार, सर्वांनाच तोटा सोसावा लागतो.

गुलाबी बोंडअळी हा कापसाचा छुपा चोर आहे. अंड्यातून निघालेली बारीक अळी फुलात किंवा हिरव्या बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून चांगले दिसते, आत सरकी खाल्ली जाते, रुई डागाळते. अशा कवडी कापसाला भाव मिळत नाही. अळी आत बसली की फवारणीचे औषधही तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बीटी बियाण्यामुळे ही काळजी मिटली, असे बरीच वर्षे वाटत होते. पण अळीने बीटीला दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कापसाचे मोठे नुकसान झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून गरजेपुरती आणि वेळेवर फवारणी, हा पैशाचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न आहे.

ही वेळ कामगंध सापळा सांगतो. मादी पतंग रात्री विशिष्ट गंध सोडते आणि नर त्या गंधावर येतो. तसाच गंध कारखान्यात बनवून रबराच्या लहान तुकड्यात भरतात. याला ल्यूर म्हणतात. ती सापळ्यात टांगली की नर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. मधमाशी किंवा इतर उपयोगी किड्यांना त्रास होत नाही. या विद्येचे आमच्या धंद्याशी जुने नाते आहे. १९५९ साली जर्मनीचे शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी असा गंध प्रथम ओळखला, तो रेशमाच्या पतंगातूनच. त्यासाठी त्यांना सुमारे ५ लाख पतंग लागले होते.

वापरण्याची रीत सोपी आहे. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर उंच लावावेत. ल्यूर गुलाबी बोंडअळीचीच मागावी. प्रत्येक किडीची ल्यूर वेगळी असते आणि एका सापळ्यात दोन प्रकार लावू नयेत. अत्तर, कांदा किंवा तंबाखूचा वास असलेल्या हाताने तिला शिवू नये. पाकिटावरील मुदतीप्रमाणे, साधारण ३ ते ४ आठवड्यांनी ती बदलावी. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, तर फवारणीची वेळ आली असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर करावा लागेल. हेक्टरी ५ सापळे कीड संपवत नाहीत. ती रोजच्या रोकड वहीसारखी नोंद आहे. नर पकडून कीड कमी करायची तर हेक्टरी २० सापळे लावण्याची शिफारस आहे. तेही संपूर्ण शिवाराने लावावेत. एकट्यानेच लावले, तर शेजारच्या शेतातून अंडी घालायला तयार झालेल्या माद्या उडून येतातच.

आता आमच्या वाट्याचे काम. अळी कापसाबरोबर आणि सरकीबरोबर जिनिंगमध्ये येते, तेथे झोपून राहते आणि पुढे पतंग होऊन आसपासच्या शेतांत जाते. म्हणून जिनिंगच्या आणि कापूस बाजाराच्या आवारातही सापळे हवेत, सरकीचा कचरा वेळीच नष्ट व्हायला हवा. शेतकऱ्यांनी डिसेंबरअखेर पीक काढावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत. अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूस पट्ट्यातून ही कीड संपल्याचे जाहीर केले. तेही कोण्या एका औषधाने नव्हे, बीटी, गंध, नपुंसक पतंग आणि शेताची सफाई या सर्वांच्या मेळाने.

आपल्यापैकी जे कापूस घेतात, सरकी विकतात किंवा जिनिंग चालवतात, त्यांनी हा हंगाम संपण्याआधी आपल्या आवारात सापळे टांगावेत. शेतकऱ्याचे बोंड वाचले, तरच आमचा तागा वाचेल.